मिरगाच्या रात्री आणि अर्धा कायदा

मिरगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला की गोव्यात शेतांतून बेडूक ओरडू लागतात आणि त्यांच्या मागोमाग माणसे. 'जंपिंग चिकन', म्हणजे बेडकाचे मांस, खाणारे रानटी, असे एक बाजू म्हणते. आमच्या आज्याने खाल्ले, पणज्याने खाल्ले, तुम्ही कोण शिकवणार, असे दुसरी. वन खाते पत्रक काढते, रात्रीच्या गस्ती वाढतात, कुठे चार पोती सापडतात, त्यांचा फोटो छापून येतो. जुलै सरता सरता बेडूक गप्प होतात आणि वादही विझतो. पुढच्या जूनमध्ये तेच मुद्दे, त्याच आवेशात. ज्याच्या जिवावरून हे चालते त्याच्याविषयी मात्र कुणाच्या माहितीत काडीची भर पडत नाही.

माझे मत आधीच सांगतो. शिकारबंदी योग्य आहे आणि ती सैल करण्याचे काही कारण नाही. मात्र आपल्या कायद्याला बेडूक दिसतो तो पोत्यात पडल्यावर. तो जिथे जन्मतो ते वीतभर पाणी कायद्याला दिसत नाही. ताटावरून भांडण्यात आपण इतके रमलो आहोत की डबके बुजवणाऱ्याकडे कुणाचे लक्ष नाही. आणि गोव्यातले जे उभयचर खरोखर अडचणीत आहेत, ते तर कधी कुणाच्या ताटात गेलेच नाहीत.

आधी शिकारीचे पाहू. पोत्यात जातो तो मुख्यतः इंडियन बुलफ्रॉग, शास्त्रीय नाव होप्लोबॅट्राकस टायगेरिनस, आणि त्याचा भाऊबंद जर्डनचा बुलफ्रॉग. पावसाळा सोडला तर हा प्राणी ओल्या मातीत, बिळात, तळ्याच्या काठाशी जवळजवळ अदृश्य असतो. मोठ्या सरी कोसळून शेतात पाणी साचले की नर बाहेर पडतात. एरवी शेवाळी-तपकिरी दिसणारे त्यांचे अंग त्या दिवसांत लिंबासारखे पिवळे होते आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्याशार फुगतात. मादी नराहून मोठी, अंड्यांनी जड झालेली. एकेक मादी हजारो अंडी घालते, दोन-एक दिवसांत ती फुटतात आणि महिन्या-दीड महिन्यात शेपूट झडलेली पिल्ले मेरेवर चढतात. वर्षाचा सगळा संसार या मोजक्या रात्रींत उरकायचा असतो. शिकारही नेमकी याच रात्रींत होते, कारण ओरडणारा नर आपला पत्ता स्वतःच देतो, पिवळा रंग बॅटरीच्या झोतात लांबून चमकतो आणि डोळ्यांवर उजेड पडला की तो जागचा हलत नाही. वाकायचे, उचलायचे, गोणपाटात टाकायचे. त्या पोत्यात अंडी घालण्याआधीच उचललेल्या माद्या किती, हे कोण मोजतो?

हे गोवेकरांना समजावून सांगावे लागू नये. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्याकडे यांत्रिक मासेमारी बंद असते. ती माशांच्या विणीसाठी असते, हे मालीमच्या जेटीवरच्या ट्रॉलरवाल्यालाही ठाऊक आहे आणि ताज्या इसवणासाठी (सुरमईसाठी) झुरणाऱ्या गिऱ्हाइकालाही. जूनमध्ये इसवण मिळत नाही म्हणून खाद्यसंस्कृती बुडाली, अशी हाकाटी कुणी केलेली ऐकिवात नाही. यावर उत्तर येते की माशांची बंदी ऑगस्टमध्ये उठते, बेडकांची बारमाही आहे. फरक खरा आहे. पण बेडकाची शिकार होते तीच मुळी विणीच्या दिवसांत. एरवी त्याला शोधत फिरणे कुणाला परवडत नाही. विणीपुरती बंदी घातली काय किंवा बारमाही घातली काय, पोतेवाल्याच्या दृष्टीने हिशेब एकच.

आता संरक्षणवाल्यांच्या लंगड्या युक्तिवादांविषयी, कारण त्यांनी बेडकाचे नुकसानच केले आहे. 'बेडूक संपले तर डास वाढतील आणि मलेरिया पसरेल' हे वाक्य दर पावसाळ्यात फिरते. मोठा बुलफ्रॉग काय खातो? भुंगेरे, नाकतोडे, खेकडे, गांडुळे, लहान बेडूक, सापडलाच तर उंदीरसुद्धा. डासासारखे चिलट हे त्याच्या तोंडाच्या मापाचे खाणेच नव्हे. शेतातल्या किडींवर त्याचा वचक असतो, हे पटण्यासारखे आहे आणि तेवढे पुरेसे आहे. दुसरा प्रकार 'बेडूक खाल्ल्याने कॅन्सर होतो, मूत्रपिंडे जातात' असे सांगून घाबरवण्याचा. कीटकनाशकांचे अंश प्राण्याच्या अंगात साठतात हे खरे, पण मग तोच नियम शेतातल्या खेकड्याला आणि भाजीलाही लावावा लागेल. खाणाऱ्याला ही भीती खोटी वाटते, आणि ती खोटी वाटली की बाकीचे खरेही तो झटकून टाकतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात मंडूकसूक्त आहे, वर्षभर निजलेले बेडूक पाऊस येताच मंत्र म्हणणाऱ्या ऋत्विजांसारखे बोलू लागतात असे त्यात सुंदर वर्णन आहे. पण ते म्हणून दाखवल्याने सत्तरी तालुक्यातल्या एकाही पोत्याची गाठ सुटलेली नाही.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा वेगळाच आहे, आणि तो आपल्या वादात क्वचितच कुणी नीट मांडतो. तो असा की इंडियन बुलफ्रॉग आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त नाही, 'कमी चिंताजनक' गटात आहे. पाकिस्तानपासून म्यानमारपर्यंत तो पसरलेला आहे. अंदमानात तर माणसाने नेऊन सोडलेला हाच बेडूक उपद्रवी ठरला, त्याची मांसाहारी पिल्ले तिथल्या मूळच्या बेडकांची पिल्ले खाऊ लागली. मग ज्या प्राण्याला जगाची यादी धोक्यात मानत नाही, त्याच्यासाठी गरिबाला तुरुंगाची भीती कशाला?

प्रश्न रास्त आहे. पहिली गोष्ट, ती यादी जातीच्या संपूर्ण प्रदेशाची असते. पंजाबात तो बेडूक मुबलक असल्याने डिचोलीच्या एखाद्या मळ्यात तो परत येत नाही. दुसरी गोष्ट, मुबलक असलेले टिकतेच असे नाही. १९९० च्या आधी गिधाडे इतकी होती की त्यांच्यासाठी कायदा हवा असे कुणाला वाटले नसते. जनावरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकने ती संपत आली तेव्हा, २००६ मध्ये, त्या औषधावर बंदी आली. तिसरी गोष्ट आपल्याच देशाच्या बेडूक-व्यापाराची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातून वर्षाला हजारो टन बेडकांच्या तंगड्या युरोप-अमेरिकेत जात होत्या. १९८५ मध्ये हा बुलफ्रॉग वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला, १९८७ मध्ये भारताने निर्यातच बंद केली. धंदा मग बांगलादेशाकडे आणि तिथेही बंदी आल्यावर इंडोनेशियाकडे सरकला. निर्यातबंदी आपल्याकडे का लागू पडली? माल बंदरातून जायचा, कस्टम्सच्या एका दारातून जायचा, आणि ते दार लावता येत होते. गोव्यातल्या पोत्याला असे दार नाही. ते शेतातून स्कूटरवर आणि स्कूटरवरून मागच्या दाराने स्वयंपाकघरात जाते. म्हणून १९८७ चे यश दाखवून 'बंदी घातली की झाले' म्हणणाऱ्यांनी थोडे थांबावे.

संस्कृतीचा मुद्दा मला खोटा वाटत नाही, अपुरा वाटतो. पावसाळ्यात मासळी महाग, काम कमी, तेव्हा शेतातला बेडूक अनेक घरांत कालवणात पडायचा, हे मान्यच केले पाहिजे. पण घुमटाचे काय झाले ते आठवा. चवथीच्या आरतीत वाजणाऱ्या घुमटाला घोरपडीचे चामडे लागायचे. घोरपडीला कायद्याने कडक संरक्षण आहे, तेव्हा घुमट संपले अशी हाकाटी झालीच होती. वादक बकऱ्याच्या चामड्यावर आले. नादात फरक पडतो असे जुने वादक अजून सांगतात, आणि त्यांचा कान खोटे बोलत नसेल. तरी घुमट आज घरोघर वाजते आणि २०१९ मध्ये ते राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीरही झाले. ज्या परंपरेत अख्खे वाद्य तगले, ती एका पदार्थाच्या अभावाने मोडेल?

इथवरचा वाद सोपा होता. खरी अडचण कायद्याच्या मजकुरात आहे, आणि तो मजकूर भांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी वाचलेला दिसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जुन्या चौथ्या अनुसूचीत बेडकांसाठी एकच ओळ होती: 'राना' या शास्त्रीय नावाखाली येणारे बेडूक. शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात बुलफ्रॉगला 'राना'तून काढून होप्लोबॅट्राकसमध्ये टाकले, कायदा मात्र पुढची तीन दशके 'राना'च म्हणत राहिला. २०२२ च्या दुरुस्तीने सहा अनुसूचींच्या चार केल्या, सर्वसाधारण गुन्ह्याचा दंड २५ हजारांवरून एक लाखापर्यंत नेला. १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. फिरत्या संदेशांत मात्र २५ हजारांचा जुना आकडा अजून भेटतो.

यादीपेक्षाही जास्त नडते ते कलम २(१६). 'शिकार' म्हणजे काय ते या कलमात सांगितले आहे: मारणे, विष घालणे, पकडणे, सापळा लावणे, तसा प्रयत्न करणे. पुढे अंड्यांचा विषय येतो, आणि तिथे शब्द आहेत 'पक्षी किंवा सरपटणारे प्राणी' यांची अंडी वा घरटी. उभयचर नाहीत. 'प्राणी' या शब्दाच्या व्याख्येत पिल्ले आणि अंडी येतात, त्यामुळे हुशार वकील वाट काढील, हे खरे. पण पंचनामा लिहिणाऱ्या वनरक्षकाने वकिली करायची का? एका पोत्यातले वीस बेडूक हा गुन्हा, आणि त्याच मळ्यात चार टिपर माती ओतून हजारो अंडी गाडली तर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा नोंदवणे अवघड. अभयारण्याच्या आत अधिवास नष्ट करायला मनाई आहे. शेत अभयारण्यात नसते.

मग पाणथळींचे नियम? २०१७ च्या नियमांतून भातशेती स्पष्टपणे वगळलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे रक्षण करायला सांगितले त्या उपग्रह-नकाशावरच्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या पाणथळी. कुडचड्याचे नंदा तळे २०२२ मध्ये गोव्याचे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झाले, उत्तमच झाले. पण विणीसाठी बेडकाला तळे नको असते, तळ्यात मासे असतात आणि ते अंडी-पिल्ले फस्त करतात. त्याला हवे असते ते जूनमध्ये भरणारे आणि हिवाळ्याआधी आटणारे उथळ पाणी. सव्वादोन हेक्टर सोडा, अनेकदा ते एका खोलीएवढेही नसते.

आता ताटात न येणाऱ्यांकडे वळू. सत्तरीतल्या केरीच्या मातीतून २००७ मध्ये एका देवगांडुळाचे वर्णन झाले, नाव गेजेनिओफिस गोवाएन्सिस. त्याआधी २००४ मध्ये बोंडल्याच्या अभयारण्यातून गेजेनिओफिस नाडकर्णी. पाय नसलेले, गांडुळासारखे दिसणारे हे उभयचर ओल्या पालापाचोळ्याखाली राहतात. कुदळीला लागले तर साप समजून ठेचले जातात. जांभ्याच्या सड्यांवरून, म्हणजे सपाट कातळी पठारांवरून, २०१८ मध्ये वर्णन झालेल्या छोट्या बेडकाला शास्त्रज्ञांनी चक्क 'गोएमची' हे नाव दिले. म्हादईच्या रानात झाडावर राहणारा मलबार ट्री टोड आहे, आययूसीएनने २००४ मध्ये त्याला संकटग्रस्त ठरवले. यांतल्या एकालाही कुणी तळून खात नाही. यांना मारणारे हात वेगळे आहेत: व्हाळाच्या काठची तोडलेली झाडे, रुंद होणारे घाटरस्ते, चिऱ्यांच्या खाणी, तणनाशक, आणि सड्यावर चढणारे बुलडोझर. २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या जागतिक आढाव्यात उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आढळल्या, आणि अधिवासाचा नाश हेच सर्वांत व्यापक कारण निघाले.

जातींची यादी करून यांना वाचवता येणार नाही, याचे कारण साधे आहे. नव्या जाती अजून सापडत आहेत. नाव पडल्यावर धोक्याचे मूल्यांकन, मग अनुसूचीत नोंद, मग राजपत्र. 'राना'ला तीस वर्षे लागली, तर गोएमचीला किती लागतील? सडा तोवर थांबणार आहे?

आणि सड्याची तर कागदोपत्री शोकांतिका आहे. पर्यावरण आघात अहवालासाठी लागणारी मूलभूत माहिती सहसा पावसाळा वगळून एका हंगामात गोळा केली जाते. मे महिन्यात जांभ्याचा सडा पाहिला तर काय दिसते? काळा कातळ, करपलेले गवत, एखादे करवंदीचे जाळे. अहवालात 'खडकाळ, विरळ वनस्पती' असे लिहिणारा खोटे लिहीत नाही. तोच सडा जुलैच्या रात्री नऊ वाजता पाहिला तर खळग्याखळग्यात पाणी, त्यात पिल्ले, आणि चार प्रकारचे आवाज एकाच वेळी. बेडकांची पाहणी कोरड्या दिवसांत करणे म्हणजे शाळेचा पट मे महिन्याच्या सुट्टीत मोजण्यासारखे आहे.

इथे विकासवाल्यांचा आक्षेप येतो आणि तो झटकण्यासारखा नाही: प्रत्येक डबके राखायचे म्हटले तर पावसाळ्यात अख्खा गोवाच डबके असतो, घर तरी कुठे बांधायचे? बरोबर. प्रत्येक डबके राखता येणार नाही आणि राखायची गरजही नाही. ज्यात पाणी आठवड्यात आटते तिथे घातलेली अंडी तशीही मरतात. राखायची ती पाणी सलग दीड-दोन महिने टिकवणारी आणि दरवर्षी वापरली जाणारी ठिकाणे, आणि त्यांच्याभोवतीचा थोडा उतार, कारण पिल्ले पाण्यातून निघून तिथेच पांगतात. हे शोधायला उपग्रह लागत नाही. प्रत्येक पंचायतीत कायद्याने जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर तिसऱ्या-चौथ्या रात्री, मग जुलैच्या मध्यावर, मग ऑगस्टच्या शेवटी, अशा तीन फेऱ्या. सर्व्हे नंबर, पाण्याची खोली, किती प्रकारचे आवाज, तिसऱ्या फेरीत पाणी उरले की नाही. आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवले तर जात नंतर तज्ज्ञाला विचारता येते, बेडूक हातात धरायची गरज नाही. बिघडते कुठे? नोंदवही बाहेरच्या सल्लागाराकडून एका आठवड्यात, बहुधा उन्हाळ्यात, भरून घेतली जाते तेव्हा. मग तीत आंबा-फणसाची नावे येतात आणि सड्यावरच्या खळग्यांचा उल्लेखही नसतो.

ठिकाण राखायला कायदे आहेत, नवे करावे लागणार नाहीत. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली राज्य सरकार वारसा स्थळ जाहीर करू शकते. सुर्ल्याची पुर्वतळी राय ही देवराई तशी जाहीर झाली आहे. घाटापलीकडे आंबोलीत तर हिरण्यकेशीच्या उगमातल्या एका बोटभर माशासाठी महाराष्ट्राने २०२१ मध्ये ती जागा वारसा स्थळ केली. माशाला जमते ते गोएमची बेडकाला का जमू नये? कोमुनिदादीच्या (गावाच्या सामाईक मालकीच्या) आणि खासगी जमिनींसाठी वन्यजीव कायद्यातच सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद आहे. जमीन मालकाचीच राहते, व्यवस्थापन गाव करते. सखल जमिनीत भराव घालायला नगर नियोजन कायद्याच्या कलम १७अ खाली परवानगी लागतेच. ती देताना विणीच्या जागांची नोंदवही पाहायची, एवढे एक बंधन घातले तरी पुष्कळ होईल.

गस्तीचेही तसेच. पकडलेले बेडूक पोत्यातच ठाण्यावर नेले तर खालचे गुदमरून मरतात, कारण बेडूक कातडीतूनही श्वास घेतो आणि ओझ्याखाली, कोरड्या गोणपाटात ती कातडी निकामी होते. फोटो, मोजणी, पंचनामा जागेवरच उरकून ते त्याच पाण्यात सोडायचे. दुसऱ्या तालुक्यातल्या तळ्यात नेऊन सोडले तर त्यांच्यासोबत रोगही जातो. शिजलेल्या तंगड्या सापडल्या तर जात सिद्ध करायला डीएनए तपासणी लागते, म्हणजे गोव्याबाहेरची प्रयोगशाळा आणि महिनोनमहिने. म्हणून स्वयंपाकघरावरच्या छाप्यापेक्षा शेतातली रात्र महत्त्वाची, आणि त्या रात्री तिथे असणारा माणूस गावातलाच हवा.

मोरजीच्या किनाऱ्यावर हे झाले आहे. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी तिथे काढून खाल्ली जात, बाजारात विकली जात, आणि कासव तेव्हाही कायद्याने संरक्षितच होते. १९९० च्या दशकात गावकरी आणि वन खाते एकत्र आले, घरट्यांवर राखण बसली, राखणीला स्थानिकांना मोबदला मिळू लागला, आणि गालजीबागपर्यंत ती पद्धत पोचली. तिथे कायद्याने अंड्यासोबत किनाऱ्याचा तो पट्टाही धरला होता. पर्यटनाचे दिवे आणि शॅक यांनी तिथे नवी डोकेदुखी आणली आहे, हे खरे. पण दिव्यांविरुद्ध बोलायला कासवाच्या बाजूने निदान एक नकाशा आहे.

बेडकाच्या बाजूने तो नाही. सड्याच्या फाइलीत जोडलेला फोटो बहुधा मे महिन्यातला असतो, कातळ कोरडा ठणठणीत, आणि खाली शेरा: जलस्रोत नाही.